कार्डवाल्या बँकेला तुमचा पगार आत्ताच का आठवला?

प्रश्न असा आला आहे: "२०१७ मध्ये क्रेडिट कार्ड घेतलं तेव्हा पगार वर्षाला सव्वाचार लाख होता, लिमिट ७५ हजार मिळालं. आज चाकणच्या एका कंपनीत आहे, पॅकेज ११ लाखांचं. लिमिट मात्र ९० हजारांवर अडलंय. महिनाभर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आपले उत्पन्न अद्ययावत करा’ अशी पट्टी दिसते, दोनदा एसएमएसही आला. भरावं का? नाही भरलं तर कार्ड बंद करतील का? भरलं तर आयकरवाल्यांना कळतं का? असाच मेसेज वडिलांनाही आलाय. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, कार्ड नोकरीत असतानाचं आहे. त्यांनी काय लिहायचं?"

ही पट्टी तुमच्या अ‍ॅपवर झळकण्याआधी तिच्या मजकुरावर बँकेत किती काथ्याकूट होतो ते मी पाहिलंय. एका खासगी बँकेच्या कार्ड विभागात, क्रेडिटच्या बाजूला, माझी एकोणीस वर्षं गेली. मार्केटिंगवाल्यांना मजकुरात ‘जास्त लिमिट’ हवं असायचं. आम्ही ते खोडायचो, कारण उत्पन्न भरणाऱ्या प्रत्येकाला लिमिट वाढवून द्यायची आमची तयारी नसायची. शेवटी ‘खास लाभ’ असा गुळमुळीत शब्द ठरायचा. तेव्हा ही पट्टी म्हणजे काही सरकारी नोटीस नाही. बँकेला तुम्हाला काहीतरी द्यायचं आहे, बहुतेक वाढीव लिमिट किंवा पर्सनल लोन, आणि त्याआधी तुमची ऐपत चाचपायची आहे.

पण याच वेषात दुसरी एक गोष्ट येते आणि तिच्याकडे काणाडोळा करून चालत नाही: केवायसीची फेरतपासणी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्त जोखमीच्या ग्राहकांची केवायसी दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्यांची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्यांची १० वर्षांनी ताजी करावी लागते. त्या फॉर्ममध्येही व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्नाचा गट विचारतात, म्हणून लोकांची गल्लत होते. तुमचं कार्ड २०१७ चं. तुम्ही मध्यम गटात असाल तर आठ वर्षं २०२५ मध्येच भरली. म्हणून आधी तो एसएमएस नीट वाचा. त्यात ‘केवायसी’ हा शब्द आणि एखादी मुदत असेल तर टाळू नका, पुढे व्यवहार अडतात. माहितीत काहीच बदल नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून किंवा नेट बँकिंगमधून ‘बदल नाही’ असं स्वतः लिहून दिलेलंही चालतं, शाखेत खेटे घालावे लागत नाहीत. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘पी’ हे अक्षर असेल तर ती जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवेचा संदेश. हल्ली ही शेपटी लावणं सक्तीचं आहे, आणि तेवढ्यावरून निम्मा उलगडा होतो. तुमच्या वर्णनावरून मला तरी हा जाहिरातीचाच मामला वाटतो.

आता बँकेला हे आत्ताच का आठवलं? आमच्या सिस्टिममध्ये एका ग्राहकापुढे उत्पन्नाचे तीन आकडे असायचे. एक तुम्ही सांगितलेला, एक कागदपत्रांवरून तपासलेला आणि एक आमच्या मॉडेलने अंदाजाने काढलेला. तुमच्या नावापुढे तपासलेला आकडा सव्वाचार लाखांचा आहे आणि तो २०१७ चा आहे. अंदाजाचा आकडा तुमच्या खर्चावरून आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, दिसणाऱ्या इतर हप्त्यांवरून वर सरकलेला असणार, म्हणूनच तुमचं नाव यादीत आलं. पण अंदाजावर फार मोठं लिमिट देता येत नाही. पगार त्याच बँकेत जमा होत असता तर बहुधा विचारलंही नसतं, खात्यात दिसलं असतं. म्हणजे तुमचा पगार दुसऱ्या बँकेत जातो, हेही मी न विचारता ओळखते.

पूर्वी हे इतकं सोवळं नव्हतं. ‘अभिनंदन, आपले लिमिट वाढवण्यात आले आहे’ असा मेसेज यायचा आणि विषय संपायचा. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाले, १ जुलै २०२२ पासून लागू झाले आणि त्यांनी हे दार पक्कं बंद केलं. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, कार्ड अपग्रेडही करता येत नाही. लिमिट ठरवताना तुमच्याकडे इतर बँकांची किती कार्डं आहेत आणि त्यांची लिमिटं किती, हेही धरावं लागतं. त्यानंतर १६ नोव्हेंबर २०२३ ला आणखी एक चाप बसला. कार्डावरच्या उधारीचं जोखीम-वजन बँकांसाठी १२५ टक्क्यांवरून १५० टक्के झालं. सोप्या भाषेत, तुमच्याकडे कार्डाचे १०० रुपये येणे असतील तर बँकेने ते १५० धरून भांडवल बाजूला ठेवायचं. किमान ९ टक्क्यांच्या हिशेबाने पूर्वी सव्वाअकरा रुपये ठेवावे लागायचे, आता साडेतेरा. पैसा महाग झाला की सावकार चौकशी जास्त करतो, तसंच हे. ज्याचं उत्पन्न नक्की माहीत आहे अशा माणसाला लिमिट देणं बँकेला सोयीचं पडतं.

कार्ड बंद होईल का, याचं उत्तर नाही. नुसती पट्टी दुर्लक्षिली म्हणून कार्ड बंद झाल्याचं मी एकोणीस वर्षांत पाहिलं नाही. बँक लिमिट कमी मात्र करू शकते, पण ते तुमचं सिबिल, थकलेले हप्ते, अचानक वाढलेली कर्जं किंवा नोंदीतलं घटलेलं उत्पन्न पाहून होतं. आणि कमी केलं तर तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे.

आयकराची भीती आमच्याकडे फोन करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला असायची. तुम्ही त्या चौकटीत लिहिलेला आकडा बँक आयकर खात्याला पाठवत नाही. बँक पाठवते ते वेगळंच, आणि ते तुम्ही उत्पन्न भरा की न भरा, जातंच. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १ लाख किंवा जास्त रोख भरले, अथवा इतर मार्गांनी १० लाख किंवा जास्त भरले, तर त्याची माहिती कळवावी लागते. ती तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, उमटते. मित्रांची विमान तिकिटं आपल्या कार्डावर काढून पॉइंट गोळा करणाऱ्यांनी घाबरायचंच असेल तर याला घाबरावं.

आता भरायचं ठरवलंत तर काय लिहायचं. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांची फाइल माझ्या टेबलावर आली होती. लिमिट तीन लाख, दहा वर्षं एकही बिल चुकलेलं नाही. अ‍ॅपवर उत्पन्न विचारलं, त्यांनी ८२००० असा आकडा टाकला. तो होता महिन्याचा. चौकट होती वर्षाची. सिस्टिमला काय, तिने बिनबोभाट नोंद केली की या माणसाचं उत्पन्न वर्षाला ब्याऐंशी हजार. पुढच्या तिमाहीच्या जोखीम-तपासणीत तीन लाखांचे चाळीस हजार झाले. एसएमएस गेला होता, पण रोजच्या ढिगात तो कोण वाचतो? सरांना कळलं ते मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची फी भरताना, कॉलेजच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना. तिथून त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला, तिथे त्यांना सांगितलं की आपण स्वतःच उत्पन्न कमी केलं आहे. सरांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मी ऐकला आहे. "अहो, मी कशाला कमी करीन? सरकार करील एखाद वेळेस!" तीन सॅलरी स्लिपा मागवून आम्ही लिमिट परत दिलं, पण त्यात अकरा दिवस गेले. फी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली.

म्हणून चौकटीवर ‘वार्षिक’ आहे की ‘मासिक’, ‘ग्रॉस’ आहे की ‘नेट’, हे दोनदा वाचा आणि टाकलेल्या आकड्यातली शून्यं बोट लावून मोजा.

दुसरा घोळ पॅकेजचा. तुम्ही ११ लाख म्हणता ते सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, असणार. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा हप्ता आणि हाती येईल की नाही याचा भरवसा नसलेला व्हेरिएबल, हे सगळं धरलेलं असतं. फॉर्म १६ उघडा आणि त्यात ग्रॉस सॅलरीचा जो आकडा आहे तो लिहा. दहा-सव्वादहा लाख निघेल, कदाचित थोडा कमी. सीटीसी लिहून कुणी तुरुंगात जात नाही, पण कागद मागितले की आकडा जुळत नाही. अर्ज तपासणाऱ्या पोराच्या मनात एकदा शंका आली की तो बाकीचंही खरवडून बघतो. घरभाडं येत असेल आणि ते तुम्ही रिटर्नमध्ये दाखवत असाल तर खुशाल मिळवा. बायकोचा पगार मिळवू नका, चौकटीवर ‘कौटुंबिक उत्पन्न’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर.

(हे वाचणारे काहीजण न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात असतील, त्यांच्यासाठी. तिकडचा हिशेब वेगळा. २००९ च्या कार्ड कायद्याने अमेरिकेत लिमिट वाढवण्याआधी ग्राहकाची फेडायची ऐपत पाहणं कंपनीला बंधनकारक केलं, म्हणून तिथेही उत्पन्न सतत विचारतात. मात्र २०१३ च्या दुरुस्तीनंतर २१ किंवा जास्त वयाच्या व्यक्तीला, आपल्याला वापरायला मिळेल अशी रास्त अपेक्षा असलेलं जोडीदाराचं उत्पन्नही धरता येतं. व्हिसामुळे नोकरी न करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलींना हे ठाऊकच नसतं, त्या रकान्यात शून्य लिहितात. आणि हो, तिथे बँकेला जाणूनबुजून खोटं उत्पन्न सांगणं हा फेडरल गुन्हा आहे.)

पगारदारांचं तरी सोपं. दुकानदार आणि स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांची गंमत असते. उलाढाल चाळीस लाखांची, म्हणून उत्पन्न चाळीस लाख लिहितात, आणि रिटर्नमध्ये असतात सहा. बँक पाहते ते रिटर्न. कर भरताना गरीब आणि कार्ड घेताना श्रीमंत, असं दोन्हीकडून जमत नाही. डॉक्टर, आर्किटेक्ट, सल्लागार यांच्यापैकी जे आयकराच्या ४४एडीए या अंदाजी हिशेबाच्या कलमाखाली रिटर्न भरतात त्यांचं बहुधा जमा रकमेच्या निम्मंच उत्पन्न म्हणून दिसतं. बँकेच्या दृष्टीनेही तोच आकडा खरा. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांची वेगळीच तऱ्हा, एका वर्षी बख्खळ आणि पुढच्या वर्षी गारपीट. त्यांनी एकाच चांगल्या वर्षाचा आकडा लिहू नये, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते रिटर्नमध्ये दाखवलेलं असावं. नसेल तर बँकेच्या लेखी ते नाहीच.

खोट्या सॅलरी स्लिपा करून देणारे लोक आजही आहेत. त्यावर मी एवढंच म्हणेन की आम्ही त्या बहुतेक वेळा पीएफच्या आकड्यावरून पकडायचो. बेसिकच्या १२ टक्क्यांशी तो जुळत नसायचा. पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापला असेल तर १८०० यायला हवेत, तेही नसायचे. फोटोशॉप येतं पण पगारपत्रक वाचता येत नाही, अशांचं हे काम.

पुराव्यासाठी दोन रस्ते मिळतील. एक, शेवटच्या दोन-तीन सॅलरी स्लिपा किंवा फॉर्म १६ अपलोड करायचा. दुसरा, ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’मधून पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट थेट पाठवायचं. ही २०२१ पासून सुरू असलेली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालची व्यवस्था आहे, चोरवाट नाही. पण संमतीच्या पानावर खाली बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात: किती महिन्यांचं स्टेटमेंट, कशासाठी आणि किती वेळा. ‘एकदाच’ असेल तर हरकत नाही. ‘दरमहा’ किंवा वर्षभराची मुदत असेल तर मी स्वतः स्लिपा अपलोड करीन. मॅगीची पाकिटं किती आणली हे बँकेला दर महिन्याला कळायची काय गरज? दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.

त्याच पानावर आणखी एक टिकचिन्ह असतं, कधी आधीच केलेलं: इतर योजनांसाठी संपर्क करायला हरकत नाही म्हणून. ते काढा. नाहीतर पुढचं वर्ष पर्सनल लोनच्या फोनांत जाईल. आणि ‘लिमिट वाढवा’ व ‘कार्ड अपग्रेड करा’ ही दोन वेगळी बटणं आहेत हे विसरू नका. अपग्रेडमध्ये लाइफटाइम फ्री कार्ड जाऊन वार्षिक फीचं कार्ड गळ्यात पडू शकतं.

ठगांबद्दल. याच पट्टीची नक्कल करून भामटे फोन करतात, कारण लिमिट वाढण्याचं आमिष सगळ्यांना भुरळ घालतं. लिंकवर जाऊच नका. अ‍ॅप स्वतः उघडा, पट्टी आत असेल तर खरी. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाची झाली आहेत, तेही बघा. उत्पन्न नोंदवायला कार्डाचा फोटो, सीव्हीव्ही, पिन यांतलं काहीही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल आली तर ती सरळ उडवा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करा, घरच्यांशी चर्चा त्यानंतर.

तुम्ही स्वतः काय करावं हे तुमच्या बिलावर अवलंबून आहे. दरमहा पूर्ण बिल भरत असाल आणि ते ४०-४५ हजारांचं येत असेल तर आज तुमचा वापर लिमिटच्या निम्मा दिसतो. सिबिलच्या दृष्टीने तो जास्तच, साधारण ३० टक्क्यांच्या आत बरा. लिमिट अडीच लाख झालं तर तेच ४५ हजार १८ टक्क्यांवर येतात, काहीही न करता. पुढे घराचं कर्ज घ्यायचं असेल तर याचा फायदा होतो. तेव्हा भरा, आणि लिमिट वाढलं तरी अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणाऱ्या व्यवहारांच्या मर्यादा स्वतः कमी ठेवा. ही सोय २०२० पासून सगळ्यांना द्यावी लागते आणि हजारात दहाजणही वापरत नसतील असा माझा अनुभव. मोठं लिमिट सिबिलपुरतं, वापर आपल्या मुठीत.

पण गेल्या वर्षभरात तीन-चारदा जरी ‘मिनिमम ड्यू’ भरून वेळ मारून नेली असेल, तर ती पट्टी बंद करा आणि पुन्हा उघडू नका. आमच्या भाषेत अशा ग्राहकाला रिव्हॉल्व्हर म्हणतात आणि तो बँकेचा सगळ्यात लाडका. पूर्ण बिल भरणारा ट्रान्झॅक्टर, त्याच्यावर आम्ही फार कमवत नाही. थकलेल्या बिलावर महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ४२ टक्के, आणि त्यावर जीएसटी. लिमिट वाढवण्याच्या यादीत नाव कुणाचं घ्यायचं यावर जेव्हा वाद व्हायचा तेव्हा विक्रीवाले रिव्हॉल्व्हरच्याच बाजूने भांडायचे, एवढं सांगितलं तरी पुरे.

राहता राहिले वडील. त्यांचं उत्पन्न आता कमी झालंय, म्हणून प्रश्न नाजूक आहे. जुना पगार लिहू नका. खोटं तर आहेच, शिवाय पेन्शन त्याच बँकेच्या खात्यात येत असेल तर ती बँकेला सहज दिसते. कार्डाच्या करारात उत्पन्न किंवा नोकरी बदलली तर कळवावं, असं कलम बहुधा असतं. ते पत्रक काढून एकदा वाचा. पण पट्टी भरणं ऐच्छिक असेल आणि त्यांना जास्त लिमिट नकोच असेल, तर घाईने भरायचं कारण मला दिसत नाही. स्पष्ट विचारलं, किंवा केवायसीत आलं, तर पेन्शनचा खरा आकडा लिहा, त्यात ठेवींचं व्याज मिळवा. वरिष्ठ नागरिक ते धरायला विसरतात आणि उगाच गरीब दिसतात. लिमिट थोडं उतरलं तर उतरू दे. वीजबिल आणि औषधांपुरतं कार्ड वापरणाऱ्याला दोन लाखांचं लिमिट म्हणजे चोराला उघडी खिडकी. बँक कार्डच नको म्हणाली आणि त्यांना ते हवं असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, तिथे उत्पन्नाची फारशी कटकट नसते. आणि कार्ड कपाटात पडून असेल तर लक्षात असू द्या, वर्षाहून जास्त वापर नसला की बँक कळवून ते बंद करायला घेते, ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर बंद होतं.

आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून परदेशी व्यवहार बंद करा, ऑनलाइनची मर्यादा दहा-पंधरा हजारांवर आणा. केवायसीची तारीख अ‍ॅपमध्ये सापडली नाही तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत जातीलच, तेव्हा त्याच खिडकीवर विचारून घ्या. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर मात्र तिथे वेगळं विचारावं लागेल.